करंगळीला तिकडं काय म्हणतात?

दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी उंबऱ्यावर बसून मोबाइलवर जर्मनचा धडा घोकत होते. धडा अवयवांचा होता. हात पुढं धरून एकेक बोट मोडत मी म्हणत होते, "डेअर डाउमेन. डेअर त्साइगेफिंगर. डेअर मिटेलफिंगर. डेअर रिंगफिंगर. डेअर क्लाइने फिंगर."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कशाची नावं घेतीस गं?"

"बोटांची."

"सांग बरं मला."

मी सांगितलं. डाउमेन म्हणजे अंगठा. त्साइगेफिंगर म्हणजे दाखवायचं बोट. मिटेलफिंगर म्हणजे मधलं. रिंगफिंगर म्हणजे अंगठीचं.

"आन् करंगळीला तिकडं काय म्हणतात?"

"क्लाइने फिंगर. बारकं बोट."

आई हसली. "बारकं बोट हे काय नाव हाय व्हय? एवढा मोठा देश, आन् करंगळीला नाव न्हाई."

बोलता बोलता तिनं डाव्या हातानं परात जवळ ओढली. त्या हाताच्या करंगळीला एकच पेर आहे. वरची दोन पेरं २०१४ च्या हंगामात उसाच्या फडात गेली. तेव्हा मी सहावीत होते.

त्या दिवसापासून मी बोटांच्या नावांच्या नादी लागले. परीक्षेला त्याचा काही उपयोग नव्हता. पण आईनं विचारलेलं डोक्यातून जाईना.

*

आधी मी कोण ते सांगते. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात, धारूर तालुक्यात. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रभर ओळखला जातो, आणि आमच्या गावाकडं पाहिलं की का ते कळतं. दसरा झाला की अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, तिकडं कर्नाटकात बेळगावपर्यंत जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मी लहानपणी दोन हंगाम आईबापाबरोबर कोपीत काढले. नंतर गावातल्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिले, म्हणून शिकले. बारावीनंतर नर्सिंग केलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरींची लग्नं दहावीच्या आतच झाली.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून आमच्याकडं आठवडी बाजारातही 'जर्मनी' हा शब्द ऐकू येतो. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळ्यांना भाषा शिकायचीय. मीही दवाखान्यातली नोकरी करत एका क्लासला नाव घातलं. नर्सला तिथं मान्यता मिळवायची तर भाषेची बी-टू पातळी लागते. मी तेव्हा ए-वन होते. म्हणजे डोकं, नाक, कान आणि बोटं.

*

आईच्या प्रश्नावर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्या गावातही सगळ्या बोटांना नावं नाहीत. आहेत ती दोनच: अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही नुसती बोटं. फारच नेमकं सांगायचं असलं तर 'अंगठ्याजवळचं', 'मधलं', 'करंगळीजवळचं'. तर्जनी, मध्यमा, अनामिका हे शब्द मला शाळेत पाठ करताना कळले. ते संस्कृतातून आलेत आणि पुस्तकातच जास्त राहतात. "माझ्या तर्जनीला काटा रुतला" असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जर्मनमध्ये तर एकाच बोटाला स्वतःचं नाव आहे: डाउमेन. बाकीची चार म्हणजे 'फिंगर'ला मागं शेपूट ठेवून पुढं काहीतरी जोडलेलं. दाखवायचं, मधलं, अंगठीचं, बारकं. आई म्हणाली ते शंभर टक्के खरं होतं. ते नाव नव्हे, वर्णन.

पण जर्मनच्या शेजारची, तिची सख्खी बहीण म्हणावी अशी डच भाषा घ्या. तिथं हुबेहूब आमच्या गावासारखं आहे. अंगठ्याला 'डाउम', करंगळीला 'पिंक', आणि मधल्या तिघांना पुन्हा काहीतरी-फिंगर. दोन टोकांना नावं, मधले तिघं बिननावाचे. अमेरिकेत लोक करंगळीला 'पिंकी' म्हणतात, तो शब्द या डच 'पिंक'वरून गेलेला. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तिकडंच जा की. शाणी माणसं दिसत्यात."

टोकाच्या बोटांनाच नावं का? माझा अंदाज साधा आहे. टोकाची बोटं जगाला आधी धडकतात. शिवाय दोघांची कामं वेगळी. अंगठा सगळ्यांच्या समोर उभा राहून पकडतो. करंगळी सगळ्यांच्या शेवटी राहून मूठ बंद करते. वीत मोजायची तर या दोघांनाच ताणावं लागतं. शाळेत लघवीला जायचं तर करंगळीच वर करायची. गोवर्धन उचलला तोही करंगळीवर. कानात घालायला तीच. जुन्या जर्मनमध्ये करंगळीला 'ओअरफिंगर' असाही शब्द होता, म्हणजे कानाचं बोट. आई मला काजळ घालायची तेही करंगळीनं. उजव्या.

*

एकच बोट वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं दिसतं, हे मला सगळ्यात आवडलं.

अंगठ्याजवळचं बोट घ्या. आपली तर्जनी 'तर्ज्' या धातूवरून आली, म्हणजे दटावणं, धमकावणं. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या डोळ्यापुढं बोट नाचवून बोलणारा माणूस असणार. गुरुजी, सावकार, नाहीतर मुकादम. जर्मन माणसाला त्याच बोटात रस्ता दाखवणारा दिसला. दीड हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात जाऊन राहिलेले जर्मन भाषाकुळातले लोक त्याला 'स्क्युटेफिंगर' म्हणायचे, म्हणजे बाण सोडायचं बोट. आणि डेन्मार्क-नॉर्वेमध्ये आया लेकराची बोटं धरून जी गंमतीची नावं सांगतात त्यात या बोटाचं नाव आहे 'स्लिकेपोट': भांडं चाटणारा! मधलं बोट 'लांगेमान', म्हणजे लांबोडा माणूस. करंगळी म्हणजे छोटा पेटर, वाजंत्रीवाला.

धमकावणारं, दाखवणारं, बाण मारणारं, भांडं चाटणारं. चौघंही बरोबर. कोण कुणाच्या हाताकडं बघतंय, एवढाच फरक.

करंगळीजवळच्या बोटाची गोष्ट आणखी गमतीची. आपण त्याला अनामिका म्हणतो, म्हणजे जिला नाव नाही ती. संस्कृतातल्या एका सुभाषितात म्हटलंय की कवींची मोजदाद करताना करंगळीवर कालिदास आला, त्याच्या तोडीचा दुसरा सापडेना, म्हणून पुढच्या बोटाचं 'अनामिका' हे नाव सार्थ झालं. पण हे फक्त आपल्याकडं नाही. रशियन, फिनिश आणि चिनी भाषेतही या बोटाचं नाव 'बिननावाचं' असंच आहे. एवढ्या दूरदूरच्या लोकांना एकाच बोटाचं नाव सुचू नये!

ज्यांना सुचलं त्यांनी दोन प्रकारची नावं दिली. एक, सोन्याचं किंवा अंगठीचं बोट. या बोटातून एक नस थेट काळजाला जाते अशी जुन्या रोमन लोकांची समजूत होती. जर्मनीत लग्नाची अंगठी बहुतेक लोक उजव्या हाताच्या या बोटात घालतात. दुसरं नाव मला नर्स म्हणून जास्त जवळचं वाटलं. जुन्या इंग्रजीत त्याला 'लेचेफिंगर' असंही म्हणत, म्हणजे वैद्याचं बोट. जपानीत आजही ते 'कुसुरियुबी', औषधाचं बोट आहे. आम्ही वॉर्डात रोज शुगर तपासताना सुई कुठं टोचतो? मधल्या नाहीतर या बोटाच्या कडेला. अंगठा, तर्जनी आणि करंगळी सोडून. वैद्याचं बोट अजून वैद्याच्याच कामाला येतंय.

*

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम दसऱ्याआधी उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. त्याच्या वहीत अण्णांचं नाव असतं आणि पुढं '१ कोयता'. आईचं नाव त्या वहीत कुठंच नसतं. अनामिका हा शब्द शाळेत शिकले तेव्हा मला ही वही आठवली नव्हती. आता आठवते.

ऊस तोडताना डाव्या मुठीत ऊस धरायचा, उजव्या हातातल्या कोयत्यानं बुडाशी घाव घालायचा. डाव्या मुठीत सगळ्यात खाली करंगळी असते. म्हणजे कोयत्याच्या सगळ्यात जवळ. पहाटे चारची वेळ, थंडी, बॅटरीचा उजेड, दवानं ओला झालेला ऊस. आईचा हात घसरला की कोयता, हे तिलाही सांगता येत नाही. "पाचटात शोधलं," एवढंच ती म्हणते. "सापडलं न्हाई."

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. शिवलं. सात दिवस ती कोपीत बसली. बसली म्हणजे स्वयंपाक, पाणी, भांडी चालूच. पण फडात नाही, म्हणून सात खाडे. दवाखान्याचे चौदाशे रुपये मुकादमानं दिले आणि उचलीत मांडले. आठव्या दिवशी आई हाताला फडकं बांधून फडात उभी राहिली, कारण एकटे अण्णा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याची उचल फिटत नाही.

मी गावात होते. मला पाडव्याला कळलं. आईनं मला जवळ घेतलं तेव्हा पाठीवरचा हात वेगळा लागला.

*

पुढं कितीतरी वर्षांनी, जर्मनच्या निमित्तानं जुन्या भाषांबद्दल वाचताना मला एक यादी सापडली.

इंग्लंडच्या दक्षिणपूर्वेला केंट नावाचं राज्य होतं. तिथल्या एथेलबर्ट राजानं सन ६०० च्या आसपास कायदे केले. इंग्रजीत लिहिलेला हा सगळ्यात जुना मजकूर मानतात, आणि ती इंग्रजी आजच्या जर्मनच्या फार जवळची होती. त्यात एका माणसानं दुसऱ्याला जखम केली तर किती भरपाई द्यायची याची लांबलचक यादी आहे. बोटांचा भाव असा: अंगठा तोडला तर २० शिलिंग. अंगठ्याचं नुसतं नख गेलं तर ३. मधलं बोट ४. सोन्याचं बोट, म्हणजे आपली अनामिका, ६. आणि करंगळी?

११ शिलिंग.

मी दोनदा वाचलं. अंगठ्याखालोखाल करंगळी. बाण सोडायच्या बोटापेक्षाही जास्त. कायदा कारण सांगत नाही. पण मी नर्स आहे आणि कोयता धरणाऱ्यांची पोरगी आहे. मूठ आवळायची ताकद तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला असते. दांडा करंगळीनं धरून ठेवला नाही तर तो हातात फिरतो. तलवारीचा असो, कुऱ्हाडीचा असो, की कोयत्याचा. ज्या लोकांचं पोट आणि जीव मुठीवर चालायचा, त्यांना करंगळीची किंमत माहीत असणार.

आता आपल्याकडचा कायदा बघा. कामावर असताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यावी असा कायदा भारतात १९२३ साली आला. त्याला पुढं कर्मचारी नुकसान भरपाई कायदा असं नाव पडलं. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे, कोणतं बोट गेलं की कमाईची ताकद किती टक्के गेली असं मानायचं त्याचा. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं १२. आणि शेवटची दोन बोटं एकाच ओळीत: 'अंगठीचं किंवा करंगळी', पूर्ण गेलं तर ७, दोन पेरं गेली तर ६, एक पेर गेलं तर ५.

म्हणजे आईचं ६ टक्के.

या तक्त्याप्रमाणं हिशेब लावायचा तर कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर जी रक्कम मिळते तिचे ६ टक्के. त्या रकमेची किमान मर्यादा २०१४ साली एक लाख चाळीस हजार होती. तिचे ६ टक्के म्हणजे ८,४०० रुपये. किमान. पण ते मागायचे कुणाकडं? त्यासाठी आधी मालक कोण हे ठरायला लागतं. कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी तर मधला माणूस. आणि आईचं नाव वहीतच नाही.

बरं, टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे का? मी दवाखान्यात मेंदूच्या पेशंटची मूठ तपासते. माझी दोन बोटं त्यांच्या हातात देते आणि म्हणते, "दाबा, जोरात." एकदा घरी आईला गंमत म्हणून तसं करायला लावलं. आधी उजवा, मग डावा. डाव्या हातानं ती दाबत होती आणि माझी बोटं खालून सुटत होती. मग मला कळलं की ती धुणं पिळताना अण्णांना दुसरं टोक धरायला का लावते. मोळी उचलताना डावा हात खाली न लावता मनगटावर का घेते. तक्ता करणारानं कधी धुणं पिळलं नसणार.

*

अंगठ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. आमच्याकडं अंगठा म्हणजे सही.

१८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराशी करार केला. हा माणूस उद्या 'सही माझी नाहीच' म्हणेल, या भीतीनं त्यानं कागदावर त्याच्या आख्ख्या हाताचा ठसा घेतला. पुढं ठशांचं शास्त्र झालं, कलकत्त्यात १८९७ साली ठशांचं कार्यालय निघालं, आणि 'अंगठा देणं' हा वाक्प्रचार सगळ्या देशाचा झाला. माझ्या आजोबांनी आयुष्यभर कागदांवर अंगठा दिला. त्यांना लोक अंगठेबहाद्दर म्हणायचे. बहाद्दर कसले, कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कधी कुणी वाचून दाखवलं नाही.

आधार आलं तेव्हा दहाही बोटं मागितली. आधारची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली, २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आईचं कार्ड नंतर दुरुस्त केलं तेव्हा केंद्रावरच्या पोरानं करंगळीपुढं 'अपवाद' अशी नोंद केली. राहिली नऊ. पण हंगामाहून आल्यावर त्या नऊतलंही एखादंच मशीनला ओळखू येतं. पाचटानं आणि उसाच्या कुसळांनी बोटांवरच्या रेघा झिजून जातात. रेशनच्या दुकानात मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. दुकानदार म्हणतो, "दुसरं बोट लाव. आता ते. आता ते." आई एकेक बोट ठेवत जाते. कधी चौथ्या बोटाला धान्य मिळतं, कधी "उद्या ये".

मागच्या वर्षी अशाच रांगेत मी तिच्याबरोबर उभी होते. ती म्हणाली, "कामून गं, मशीनला बोटाची नावं सांगावी लागत्यात का?" पुढच्या बाया हसल्या. मीही हसले.

*

सगळ्यात शेवटी मला जे सापडलं ते 'फिंगर' या शब्दाबद्दल होतं.

मी घोकत होते तेव्हा अवयवांच्या आधीचा धडा आकड्यांचा होता. आईला त्यातले काही कानावर पडून पाठ झाले होते. "आख्ट म्हणजे आठ ना?" तिनं विचारलं होतं. हो. "आन् नॉइन नऊ?" हो. तिला वाटलं मी मुद्दाम सोपी भाषा निवडलीय. क्लासचे सर म्हणतात की मराठी पोरांना जर्मन आकडे लवकर येतात, कारण ते लोकही आपल्यासारखे एकवीसला आधी एक आणि मग वीस म्हणतात.

आई बोटांच्या पेरांवर मोजते. अंगठा एकेका पेरावर ठेवत जायचं. चार बोटं, तीन-तीन पेरं, बारा. आमच्याकडच्या सगळ्या बाया असंच मोजतात. फक्त आईच्या डाव्या हातावर बारा बसत नाहीत. दहाच बसतात. तिनं त्याचा हिशेब लावून घेतलाय: उजव्या हाताला डझन, डाव्या हाताला दहा. मोळ्या मोजताना ती कधी चुकत नाही. मुकादमाची वही चुकते.

तर 'फिंगर'. भाषेचा अभ्यास करणारे बरेच जण मानतात की हा शब्द 'पाच' याच शब्दाच्या मुळातून आला. जर्मनमध्ये पाच म्हणजे 'फ्युन्फ', संस्कृतात 'पञ्च', आपल्यात 'पाच', तिघांचं मूळ एक. फिंगर म्हणजे पाचांतलं एक. अंगठ्याच्या नावाचंही तसंच. 'डाउमेन'चं मूळ जाड होणं, फुगणं या अर्थाचं आहे आणि संस्कृतातला 'तुम्र', म्हणजे धष्टपुष्ट, हा शब्द त्याच घरातला.

हजारो वर्षांपूर्वी कुठंतरी एकाच भाषेत लोक स्वतःच्या हाताकडं बघून पाच मोजत होते. मग कुणी इकडं आले, कुणी तिकडं गेले. बोटांची नावं बदलली. पाच तेवढा सोबत राहिला.

मला हे वाचून बरं वाटलं, एवढंच सांगते. जर्मनीत मला भीती भाषेची नाही वाटत, एकटं पडायची वाटते. उद्या तिथल्या एखाद्या म्हातारीच्या बोटाला सुई टोचताना मी 'फिंगर' म्हणेन, तेव्हा त्यात आमचा पाच असेल.

*

डिसेंबरात माझी बी-वनची परीक्षा पुण्याला मॅक्स म्युलर भवनात होती. आदल्या दिवशी सरांनी ग्रुपवर सगळ्यांना व्हॉइस मेसेज टाकला. त्याचा शब्दशः अर्थ होता, 'मी तुमच्यासाठी अंगठे दाबून धरतोय'. जर्मन लोक कुणाला शुभेच्छा द्यायच्या तर दोन्ही अंगठे मुठीत घेतात आणि वरून चार बोटं आवळून धरतात. तोंडानंही तसंच म्हणतात. आपल्याकडं अंगठा दाखवला की काम संपलं. तिकडं अंगठा लपवला की काम होतं.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. त्या वर्षी टोळी सांगलीकडं होती. कोपीत चूल पेटलेली, मागं ट्रॅक्टरचा आवाज. मी तिला ही रीत सांगितली. ती म्हणाली, "आसं व्हय? थांब." मोबाइल तिनं डब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही मुठी कॅमेऱ्यासमोर धरल्या.

उजवी मूठ पक्की होती. डाव्या मुठीत, जिथं करंगळी असायला पाहिजे तिथून, अंगठ्याचं टोक बाहेर डोकावत होतं. तिनं ते आत ढकललं. ते पुन्हा बाहेर आलं. मग तिनं उजवी मूठ सोडली आणि त्या हातानं डाव्या मुठीची खालची बाजू झाकली.

"आता हाय का बराबर?"

"हो. बरोबर आहे."

"किती येळ दाबून धरायचं?"

"उद्या सकाळी नऊला पेपर आहे. दुपारपर्यंत चालतो."

"दुपारपस्तोर?" आई म्हणाली. "पोरी, मला पहाटं चारला फडात जायचंय. आत्ताच काय दाबायचं ते दाबते, मग झोपते."

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात घट्ट आवळून बसून राहिली. बाहेरून अण्णांनी हाक मारली, गाडी भरायला आली होती. तिनं मुठी उघडल्या, हात पदराला पुसले आणि फोन बंद केला.